पेन टूल मेलं म्हणे!

परभणीचा स्टुडिओवाला
काल इथं एकानं ठोकून दिलं, "फोटोशॉपात माणूस कापून काढायला सिलेक्ट सब्जेक्टची एक क्लिक मारा, मशीनच माणूस ओळखतं, काम खलास. हातानं कड आखायचं पेन टूल शिकायला बसणं म्हणजे म्हातारचळ." चहा गार झाला वाचून. बाबा रे, मागच्या महिन्यात एक जण वडलांचा फोटो घेऊन आला. तेराव्याला लावायचा, लग्नातल्या ग्रुपमधून त्यांना एकट्याला काढायचं. मशीनला फेट्याचा तुरा मंडपाची झालर वाटला, उडवला. पांढरं धोतर, मागं पांढरा पडदा, तिथं एक पायच गायब! शेवटी झूम करून पेननं पाथ मारला, म्हणजे कडेकडेनं रेघ आखली, फेदर (कडेचा मऊपणा) अर्धा पिक्सेल. पाऊण तास गेला. त्या पोराला काय सांगू, बापाचा पाय सॉफ्टवेअरनं खाल्ला?

बीड फ्लेक्स
काका, तो म्हातारचळवाला मीच. पाऊण तासात माझे चार बॅनर प्रिंटला जातेत. सायबांचा वाढदिवस उद्या, अन् कार्यकर्त्यांची मुंडकी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर. दहा बाय वीसच्या बॅनरवर चौकातून कुणाला तुरा दिसतोय? सिलेक्ट सब्जेक्ट २०१८ ला आलं, तुम्ही अजून तिथंच.

लातूरची
दोघंबी चुकायलात. क्लिक मारा, त्याचा मास्क करा, म्हणजे नको ते नुसतं झाकलं जातं, चुकलं तिथं काळ्या-पांढऱ्या ब्रशनं सुधारा. मूळ फोटोला धक्का नाही. भांडण कशाचं?
माझा राग वेगळाच आहे. माझ्या लग्नाच्या अल्बमात चेहरा तेवढा सिलेक्ट करून दुधासारखा केला. मान सावळी, हात सावळे. मामेसासूबाई म्हणाल्या, "ही कोण?"

बीड फ्लेक्स
गिऱ्हाईकच म्हणतं, जरा उजळ करा.

लातूरची
मी म्हणले नव्हते. विचारलं का कुणी?

परभणीचा स्टुडिओवाला
ताई, मान सोडून सिलेक्शन केलं हा निव्वळ कामचुकारपणा.

लातूरची
म्हणजे मानही गोरी केली असती तर चाललं असतं? हेच! हेच म्हणायले मी!

जुना डार्करूमवाला
फोटोशॉपात उजळ करायच्या डॉज टूलचं चित्र बघा, काडीला लावलेली चकती. गडद करायच्या बर्नचं चित्र म्हणजे हात. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायच्या यंत्राखाली, आम्ही हेच करायचो. पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर हलवत राहायची, उजेड कमी लागला की ब्रोमाइड कागदावर चेहरा उजळ. हलवायची थांबली की कडा उमटायची. तेव्हाचं फेदर हेच. आणि नवरी तेव्हाही न विचारताच गोरी व्हायची. पाप जुनं आहे, पोरी.

लातूरची
वा काका. कबुली तरी दिली, चाळीस वर्षांनी.

बीड फ्लेक्स
पुरे आता. परभणीकर, एक काम होतं. माजी सरपंचाची श्रद्धांजली आलीय, पांढरी टोपी, मागं चुन्याची भिंत. तीनदा क्लिक मारली, तिन्हीदा टोपी गेली. पाथ मारून देता का?

परभणीचा स्टुडिओवाला
म्हातारचळ लागलाय, वेळ लागंल. अन् रोख.