गिरणीतलं काम कसं होतं? आठवेल ते लिहा

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या मुंबईतल्या गिरणी संपाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. संपाचे नेते दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, बंद पडलेल्या गिरण्या, मग जमिनी. ते लिहायलाच हवं होतं. पण माझे वडील 26 वर्षं साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, आणि पाळीत ते नेमकं काय करायचे हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. म्हणून गिरणगावातल्या सगळ्यांना विनंती, संपाच्या आधीचं सांगा. स्वतःचं नसेल तर आईवडिलांचं लिहा.

माझ्याकडे एवढंच आहे: आम्ही बोलायला लागलो की बाबा आमच्या ओठांकडे टक लावून बघायचे. लहानपणी वाटायचं, रागावलेत.

साचा खातं, लोअर परळ

ताई, रागावलेले नव्हते ते. शेकडो साचे एकदम चालत असले की शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही. आम्ही ओठ वाचायचो. जॉबर (मुकादम) येतोय, किती वाजले, चहाला चल, सगळं ओठांवर आणि बोटांवर. ती सवय घरी आल्यावर कुठे जाणार? माझी बायको अजून म्हणते, तुम्ही किती मोठ्याने बोलता.

मी दोन साच्यांवर लागलो, पुढे चार मिळाले. इतक्या गोंगाटातही आपल्या साच्याचा ठोका वेगळा कळतो. आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचा आवाज जरा बदलला की डोळ्यांच्या आधी हात तिकडे जायचा. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला तर साचा थांबवायचा, धागा वईतून (धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीतून), मग फणीतून काढून गाठ मारायची, परत चालू. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालून धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढायचं. त्याच धोट्याला दुसऱ्या पाळीवाल्याचंही तोंड लागलेलं असायचं. कोरडं सूत तुटतं म्हणून खिडक्या बंद आणि हवेत पाण्याचा फवारा. मे महिन्यात गंजीफ्रॉक पिळून परत घालायचो.

पण कापड! बीमवर गुंडाळत जाणारं कोरं कापड बघितलं की हात फिरवल्याशिवाय राहवायचं नाही.

कार्डिंग (कापूस पिंजायचं खातं), वडिलांच्या वतीने

आमचे नाना घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. कापसाची तूस. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्यांची छाती जास्त आवळायची, पुढचे दिवस जरा बरं वाटायचं. आम्ही समजायचो, सुट्टीत काहीतरी बाधलं. हा कापसाच्या धुळीचा आजार आहे आणि तो असाच वागतो, हे फार उशिरा एका डॉक्टरांनी सांगितलं. गिरणीत कोणीच सांगितलं नव्हतं.

बदली कामगार

चार वर्षं बदली होतो. सकाळी 7, दुपारी 3.30, रात्री 12. पाळी सुटायच्या वेळी कार्ड घेऊन हजर राहायचं. कोणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर परत गाळ्यावर. एका खोलीत गावचे आम्ही वीसजण, पाळ्यांप्रमाणे झोपायचो. दुसऱ्याच्या अंगाने गरम झालेल्या वळकटीवर पडायची सवय होते.

खानावळवाल्या बाईंची मुलगी

आई 14 जणांना जेवू घालायची. पैसे पगार झाल्यावर, वाण्याला मात्र आधी. सावकाराचं व्याज त्यातूनच. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्यातून आईला बँकेचं कर्ज मिळालं, तेव्हा फॉर्मवर तिचं स्वतःचं नाव बघून ती रडली होती. रात्रपाळीवाल्यांचं ताट ती झाकून ठेवायची, आम्हाला हात लावायची बंदी.

वाइंडिंग खातं

बायकांच्या कामाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून लिहिते. आम्ही बाबिणीवरचं सूत कोनवर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर घ्यायचो. धागा तुटला की गाठ, दिवसभर तेच. गाठ इतकी बारीक हवी की पुढे फणीतून अडखळत जायला नको. नायकीण, म्हणजे आमच्यावरची मुकादम बाई, बोटाने चाचपून बघायची. माझ्या उजव्या तर्जनीवर सुताने पडलेली चीर आजही आहे.

साचा खातं, पुन्हा

बाई, जाड गाठ फणीत अडकून धागा तुटला की आम्ही वाइंडिंगच्या नावाने ओरडायचो. ज्या गाठी सुरळीत गेल्या, त्या आम्हाला दिसल्याच नाहीत. त्या तुमच्या होत्या.