मदत हवी आहे: मे महिन्यात राजगड–तोरणा, पाण्याचं गणित कसं बसवावं?

नमस्कार मंडळी, पाठीवर सॅक घेऊन मुक्कामी जायची माझी आणि धाकट्या बहिणीची ही पहिलीच वेळ. गुंजवण्यातून राजगड, रात्री पद्मावती माचीवर मुक्काम, पहाटे संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून डोंगराच्या धारेने तोरण्याची बुधला माची, मग पायथ्याचं वेल्हे गाव.

खरी काळजी त्या मधल्या धारेची. सावली फारशी नाही, कारवी वाळलेली, घसाऱ्याची माती. माणशी पाच लिटर पाणी घेतलं तर सॅक जड होते, कमी घ्यायला मन धजत नाही. मे महिन्यात गडांवरची कोणती टाकी पिण्याजोगी असतात? वाटेत ताक-सरबतवाले भेटतात का? पद्मावतीच्या देवळात मुक्कामाला सध्या परवानगी आहे का? ओआरएस, टोपी, सुती पूर्ण बाह्यांचे शर्ट घेतलेत. उन्हाळ्यात ही वाट केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.