नीके, नायकी, निकिता... आणि अनिकेत?

प्रश्न : बुटांच्या कंपनीचं नाव 'नाईक', 'नाइके' की 'नायकी'? आणि ते ज्या ग्रीक देवीवरून घेतलं, तिचं नाव मराठीत कसं लिहायचं?

– कंपनीपुरतं 'नायकी'. ब्रिटनमध्ये बरेच जण 'नाइक' म्हणतात. आपल्याकडे तर आडनावच तयार असल्यामुळे ते जिभेवर पटकन बसतं. देवीबद्दल लिहिताना मात्र 'नीके' लिहावं. प्राचीन अथेन्सच्या ग्रीकमध्ये शेवटचा स्वर दीर्घ 'ए'सारखा होता, पुढे त्याचा 'ई' झाला. म्हणून आजचे ग्रीक 'नीकी' म्हणतात. अर्थ, विजय. रोमनांनी तिचं नाव उचललं नाही, स्वतःच्या व्हिक्टोरिया या देवीशी तिची सांगड घातली. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातला तिचा बिनडोक्याचा, पंखवाला पुतळा म्हणूनच फ्रेंचमध्ये 'व्हिक्त्वार', जर्मनमध्ये मात्र 'नीके'.

– निकोलस हे नाव, थेस्सालोनिकी हे ग्रीक शहर, यांतही तोच शब्द आहे. निकितासुद्धा! रशियात ते पुरुषाचं नाव, आठवा निकिता ख्रुश्चेव्ह. आपल्याकडे ती मुलगी झाली.

– मग अनिकेतही त्यातलाच का? ग्रीकमध्ये 'अनिकेतोस' म्हणजे अजिंक्य, असं वाचलंय.

– अर्थ बरोबर, नातं चूक. आपला अनिकेत म्हणजे अ + निकेत, ज्याला घर नाही असा. गीतेच्या 12व्या अध्यायात 'अनिकेतः स्थिरमतिः' आहेच. ग्रीक शब्दात नकारार्थी 'अ'पुढे 'नीके' आहे. ध्वनी जुळले, एवढंच. बारशाच्या याद्यांमध्ये दोन्ही अर्थ खुशाल शेजारी छापतात, त्याला इलाज नाही.

गंमत म्हणजे हा ग्रीक शब्द भारताच्या वायव्येकडे येऊन गेलाय. इंडो-ग्रीक राजा लिसियासच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीकमध्ये 'अनिकेतोस' ही पदवी (षष्ठीत), आणि दुसऱ्या बाजूला खरोष्टी लिपीत प्राकृत 'अपडिहतस', म्हणजे अप्रतिहताचं, ज्याला कोणी अडवू शकत नाही अशाचं. मजकूर करणाऱ्याने नुसता ध्वनी उतरवला असता तर राजा बेघर ठरला असता! अँटिअल्किडसच्या नाण्यांवर 'नीकेफोरोस', विजय धारण करणारा, याचं तसंच सरळ 'जयधरस' केलंय. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर सिंहासनावरच्या झ्यूसच्या हातात इवलीशी नीके दिसते, बाजूला हत्ती. विदिशाजवळ बेसनगरला गरुडस्तंभ उभारणारा हेलिओडोरस याच राजाचा दूत. तिथल्या ब्राह्मी लेखात राजाचं नाव 'अंतलिकित' असं आलंय.