मदत हवी आहे: ताई लुंग मुलांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात रविवारी मुलांशी 'कुंग फू पांडा' (२००८) या अ‍ॅनिमेशन सिनेमावर चर्चा घ्यायची आहे. पोरं सगळी नायक पांडा पो याच्या बाजूची, माझा जीव मात्र ताई लुंग या खलनायक हिमबिबट्यामध्ये अडकलाय.

दारात सोडून दिलेलं पिल्लू, कुंग फूचा गुरू शिफू याने पोटच्या पोरासारखं वाढवलं. कुंग फूच्या हजार पोथ्या त्याने आत्मसात केल्या. शिफूचा गुरू ऊगवे याने ताई लुंगच्या मनातला अंधार ओळखून त्याला ड्रॅगन पोथी (अफाट शक्तीचं गुपित सांगणारी मानलेली) नाकारली, तेव्हा शिफू गप्प राहिला. शेवटी शिफू चूक कबूल करतो, त्या क्षणी ताई लुंगचा चेहरा बघा. खलनायक दिसतच नाही तिथे. त्याला पोथीपेक्षा गुरूची शाबासकी हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

पण मग निरपराध गावावर राग का काढला? एका पिसाने कैदेतलं कुलूप उघडण्याइतकं डोकं, आणि शेवटी हाती आलेल्या कोऱ्या, आरशासारख्या पोथीत स्वतःचंच तोंड दिसलं तर अर्थ लागत नाही! हे कसं जुळवायचं?

आमची बरीच मुलं तालमीत जातात, वस्तादाच्या शब्दाचं वजन त्यांना माहीत आहे. कर्णाचं उदाहरण घ्यावं की एकलव्याचं? बेळगाव, निपाणीकडचे कुणी शिक्षक किंवा वस्ताद असतील तर मुलांना विचारायला दोन-तीन प्रश्न सुचवा.