दूरस्थ वर्गात नाट्यशिक्षण: कोणती ऑनलाइन साधने खरोखर उपयोगी पडतात?

तालीममास्तर (ऑगस्ट २०२०)

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना नाट्यशास्त्र शिकवतो. मार्चमध्ये टाळेबंदी लागल्यापासून वर्ग बंद आहेत आणि नवे सत्र ऑनलाइनच सुरू करायचे आहे. रंगभूमीचा इतिहास आणि नाट्यसिद्धांत व्याख्यानांवर निभावून नेता येतील. अडचण प्रात्यक्षिकांची आहे. बऱ्याच मुलांच्या घरी एकच स्मार्टफोन असतो, तो वडील शेतावरून परतल्यावर हाती येतो आणि तोवर दिवसाचा दीड जीबी डेटा धाकट्या भावंडांच्या शाळेत संपलेला असतो. नाट्यशिक्षकांसाठी म्हणून इंग्रजी दुव्यांच्या लांबलचक याद्या व्हॉट्सॲपवर फिरत आहेत, परंतु त्यांतले आमच्या वर्गात काय चालेल, हे त्या वाचून काही समजत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे.

प्रॉम्प्टर

सर, त्या याद्यांमधील निम्मे दुवे एव्हाना निकामी झाले असतील. लंडनच्या नॅशनल थिएटरने २ एप्रिलपासून दर गुरुवारी एक याप्रमाणे आपल्या नाटकांची चित्रमुद्रणे यूट्यूबवर आठवडाभर विनामूल्य दाखवली आणि जुलैमध्ये तो उपक्रम संपला. त्यातले 'फ्रँकनस्टाइन' शिक्षकांच्या फार कामाचे होते, कारण त्यात बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर यांनी शास्त्रज्ञ आणि त्याने घडवलेला जीव या दोन भूमिका आळीपाळीने केल्या आहेत व दोन्ही चित्रमुद्रणे उपलब्ध करून दिली होती. एकच संहिता, एकच दिग्दर्शन आणि नट बदलताच बदललेले नाटक! पण ते आता तेथे नाही. म्हणून माझे मत असे, की आज असून उद्या नसणाऱ्या साधनांवर सत्राची आखणी करू नये.

टिकाऊ साधनांपैकी दोन सांगतो. त्याच संस्थेच्या यूट्यूब वाहिनीवर तेथील आवाजतज्ज्ञ जनेट नेल्सन यांच्या श्वास आणि उच्चाराच्या व्यायामांच्या लहान चित्रफिती बऱ्याच आधीपासून आहेत. भाषा इंग्रजी असली, तरी व्यायाम पाहून करता येतात आणि डेटाही फारसा जात नाही. दुसरे म्हणजे वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीच्या संकेतस्थळावरून शेक्सपिअरच्या नाटकांच्या संहिता विनामूल्य उतरवून घेता येतात. 'ऑथेल्लो'चा एखादा प्रवेश तेथून घ्यावा आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या 'झुंजारराव' (१८९०) मधील तोच प्रवेश त्याच्या शेजारी ठेवून मुलांना वाचायला द्यावा. दोन पानांच्या छायाचित्रांवर दोन तासांचा वर्ग होतो. मराठी परिभाषेसाठी मराठी विश्वकोश आंतरजालावर आहेच.

नभोनाट्य

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. भरतमुनींनी सांगितलेल्या आंगिक (देहाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (मनोभावांचा) या चार अभिनयप्रकारांपैकी फोनच्या तारेवरून कमीत कमी खराब होऊन पोहोचतो तो वाचिक. तेव्हा पहिले सत्र सरळ श्रुतिकेला द्यावे. आकाशवाणीने मराठीत ही वाट कधीच मळवून ठेवली आहे आणि आपल्या मुलांच्या घरी रेडिओ ऐकलेली माणसेही असतात.

ध्वनिमुद्रणासाठी खास उपकरण लागत नाही. पंखा बंद करावा, डोक्यावरून गोधडी घ्यावी आणि फोन तोंडासमोर न धरता एक वीत अंतरावर, किंचित बाजूला धरावा, म्हणजे प, फ, भ या अक्षरांचा फटकारा बसत नाही. बोलण्यापूर्वी पाच सेकंद नुसती शांतता मुद्रित करावी. तुकडे जोडताना ती उपयोगी पडते. जोडणीसाठी संगणकावर ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरते आणि ते काम वर्गातल्या संगणक असलेल्या एकाने केले तरी चालते. बाकीच्यांनी व्हॉट्सॲपवर ध्वनिसंदेश पाठवावेत. ते मिनिटाला काहीशे केबींपलीकडे जात नाहीत आणि रेंज येईल तेव्हा पोहोचतात.

आमच्या एका विद्यार्थिनीने केलेला प्रयोग सांगण्यासारखा आहे. रिकाम्या हंड्यात पाणी पडू लागते तेव्हा आवाज जाड असतो आणि हंडा भरत येतो तसा तो बारीक होत जातो. तिने नळाखाली हंडा लावून त्या आवाजावर सासू-सुनेचा प्रवेश बसवला, असा की हंडा काठोकाठ भरण्याच्या आत सुनेचे बोलणे संपलेच पाहिजे. लय म्हणजे काय, हे मला त्या तुकडीला वेगळे शिकवावे लागले नाही.

थेट वर्गात समूहवाचन मात्र करू नये. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या विलंबाने पोहोचतो आणि नुसता गोंगाट होतो. झूमवर घेणार असाल तर 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय सुरू करावा, नाहीतर ते ॲप उसासे आणि हुंदके पार्श्वभूमीचा गोंगाट समजून गिळून टाकते.

पायघडी

श्रुतिकेचे महत्त्व मान्य करूनही मला हे पटत नाही, की आंगिक अभिनय पुढच्या वर्षावर ढकलावा. कॅमेऱ्याची चौकट लहान असते, पण आपल्याकडे एकपात्रीची परंपरा आहे. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पन्नासच्या वर पात्रे एकट्याने उभी करत, ती मुख्यतः नजर, मान आणि खांदा यांच्या बळावर, आणि फोनच्या चौकटीत नेमके तेवढेच दिसते. मुलांना एका मिनिटाचा दोन पात्रांचा संवाद द्यावा आणि एकच अट घालावी, की प्रत्येक पात्राची नजर ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या उंचीवर गेली पाहिजे. नजर चुकली की पात्र सांडते, आणि चित्रफीत आवाज बंद करून पाहिली की ती चूक मुलांची मुलांनाच दिसते.

थेट सादरीकरण करायचेच असेल, तर झूममध्ये कॅमेरा बंद असलेल्यांना पडद्यावरून लपवण्याची सोय आहे. सगळ्यांनी ती सुरू ठेवली की कॅमेरा उघडणे म्हणजे प्रवेश आणि मिटणे म्हणजे निर्गमन. विनामूल्य खात्यावर सामूहिक सत्र ४० मिनिटांत तुटते, हे ध्यानात ठेवूनच संहिता निवडावी.

दुसरी घंटा

एक कायदेशीर बाजू कोणी मांडलेली नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेतील विद्यार्थी आणि शिक्षक यांनी अभ्यासाचा भाग म्हणून केलेला प्रयोग, प्रेक्षक केवळ संस्थेतील मंडळी आणि पालक असतील, तर प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. तोच प्रयोग यूट्यूबवर सर्वांसाठी खुला केला, की ही सवलत उरत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, म्हणजे १९१६ साली गेलेले देवल किंवा १९१९ साली गेलेले गडकरी खुशाल घ्यावेत. तेंडुलकर आणि पु. ल. यांच्यासाठी मात्र हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागेल. प्राचार्यांना महाविद्यालयाच्या वाहिनीवर काहीतरी झळकवायची हौस असतेच, म्हणून हे आधी सांगून ठेवलेले बरे.

तालीममास्तर

सर्वांचे आभार. पहिल्या दोन महिन्यांत देवलांचा एक प्रवेश श्रुतिका म्हणून आणि त्यानंतर नजरेचा एकपात्री अभ्यास, असे ठरवतो आहे. ज्यांच्याकडे फोन अजिबातच नाही अशा मुलांना संहितेच्या छायाप्रती पोस्टाने पाठवीन आणि ध्वनिकल्पना कागदावर लिहून मागवीन, म्हणजे श्रुतिकेत त्यांचाही वाटा राहील. नभोनाट्य यांना एकच विचारतो: अंतर्गत गुण देताना मुद्रणाचा दर्जा आणि उच्चार यांची गल्लत होऊ नये, यासाठी आपण काय करता?

नभोनाट्य

मुद्रणाला गुणच ठेवत नाही. उच्चार, विराम आणि समोरच्या पात्राला दिलेला प्रतिसाद एवढेच तपासतो आणि ज्याचे मुद्रण ऐकूच येत नाही त्याला साध्या फोनवर कॉल करून तोच उतारा म्हणायला लावतो.