वय ४४, नागपूर : कार शिकू की ऑटो-मेट्रोवरच भागवू?

रिंगरोडवाली
नमस्कार मंडळी. राहायला मानेवाडा रिंग रोड, उदय नगरजवळ. ऑफिस झिरो माइलपाशी, तिथे ॲक्टिव्हाने जाते-येते, त्याची काही अडचण नाही. प्रश्न सासूबाईंचा आहे. गुडघे आणि डोळे, दोन्हींसाठी महिन्यातून दोन-तीनदा धंतोलीतल्या दवाखान्यांत न्यावं लागतं आणि आता त्यांना गाडीवर मागे बसवत नाही. यजमान चंद्रपूरला नोकरीवर, शनिवारी रात्री येतात. माझं माहेर उमरेड, तिथे बाबा एकटेच असतात. चारचाकी शिकून घ्यावी का? या वयात हात बसतो का? बजेट क्लासची फी धरून ३ लाख, म्हणजे सेकंडहँडच. की ऑटो, मेट्रो यांच्यावरच भागवावं? चाळिशीनंतर शिकलेल्यांनी जरूर लिहा.

मनीषनगरकर
ताई, काहीही विचार न करता नवीन ऑटोमॅटिक घ्या. मी मागच्या दिवाळीत छोटी एसयूव्ही घेतली, टॉप मॉडेल, सनरूफ, सहा एअरबॅग. ऑन रोड साडेअकरा पडली. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावरून काय सुंदर जाते! हप्ता ७ वर्षांचा पाडून घ्या, जाणवतसुद्धा नाही.

हौ_भाऊ
भाऊ, ताईनं ३ लाख लिहिलं आहे. तुम्ही ११ लाखांची गाडी काहून सांगून राहिले? आणि नागपुरात सनरूफ कोणत्या महिन्यात उघडता ते तरी सांगा.

मनीषनगरकर
पावसाळ्यात उघडतो ना, रिमझिम असली की. आणि सेफ्टीवर खर्च करायला मागेपुढे पाहू नये, एवढंच माझं म्हणणं.

सुभाषनगर_ॲक्वा
मेट्रो असताना कार कशाला? मी सुभाष नगरला चढतो, सीताबर्डीला लाइन बदलतो, झिरो माइलला उतरतो. घामाचा थेंब नाही. महाकार्ड करून घ्या, तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, आजींना काही त्रास नाही. सायकलसुद्धा आत नेऊ देतात. मी गाडी विकून टाकली आणि फार सुखी आहे.

हुडकेश्वरचा
तुमच्या दारात स्टेशन आहे म्हणून तुम्ही सुखी. दोन्ही लाइनी सीताबर्डीला येतात त्या खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्य नगर आणि प्रजापती नगर या चार टोकांकडून. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा या पट्ट्यात काय आहे? आम्हाला स्टेशनवर जायलाच ऑटो करावा लागतो. मग तोच ऑटो सरळ धंतोलीत नेलेला काय वाईट?

सुभाषनगर_ॲक्वा
ऑफिससाठी तरी चालेल की. ॲक्टिव्हा छत्रपती चौकाच्या स्टेशनजवळ लावायची आणि ऑरेंज लाइन धरायची. धंतोलीला जायचं तर काँग्रेस नगरला उतरायचं.

हुडकेश्वरचा
ऑफिसचं त्यांनी विचारलंच नाही. आणि जोराचा पाऊस झाला की नरेंद्र नगरच्या पुलाखाली किती पाणी साचतं ते एकदा येऊन बघा.

धंतोलीतली
मी याच भागात राहते, म्हणून कळकळीनं सांगते. इथे दवाखाने इतके आणि रस्ते असे की कार लावायला जागाच मिळत नाही. सासूबाईंना गेटवर उतरवून तुम्ही पार्किंग शोधत फिरणार, तेवढा वेळ त्यांच्याजवळ कोण? चाकाची खुर्ची कोण आणणार? ऑटोवाला दारात सोडतो आणि तुम्ही त्यांच्यासोबतच उतरता. आमच्या आईसाठी आम्ही ओळखीचे एक ऑटोवाले काका ठरवून ठेवले होते. आदल्या दिवशी फोन केला की वेळेवर हजर. हाताला धरून पायरी चढवून द्यायचे. दवाखान्यासाठी कार घेऊ नका. उमरेडसाठी घ्यायची असेल तर तो वेगळा प्रश्न.

खामल्याच्या_काकू
रिंगरोडवाली, मी तुझ्यापेक्षा मोठ्या वयात शिकले. पन्नाशी उलटली होती. हात बसतो, अगदी छान बसतो. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेव. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. माझा कोर्स संपला तेव्हा मला वाटत होतं, सगळं येतं. घरची गाडी घेतली तर सिग्नलला बंद, पुन्हा चालू केली की पुन्हा बंद. मागून सगळे हॉर्न वाजवून राहिले. तोवर क्लच शिकवणाराच सांभाळत होता आणि मला कधी कळू दिलं नाही. तू पहिल्याच दिवशी सांग, तुमचा पाय वर घ्या, गाडी बंद पडू द्या. ती बंद पडल्याशिवाय आपल्या पायाला क्लच कुठे पकडतो ते कळतच नाही. दुसरं म्हणजे चढ. पुलाच्या चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक ओढून, मागे न घसरता पुन्हा पुढे घ्यायला शीक. त्यासाठी जास्तीचे पैसे मागितले तरी दे. आणि क्लास संपल्यावर बेसा-पिपळ्याकडच्या नव्या लेआउटमध्ये सकाळी जा, रस्ते मोकळे असतात. रिव्हर्स तिथेच शिकायचा.

मानकापूरवाला
ऑटोमॅटिकच घ्या. क्लचची कटकटच नको.

फॉर्म_भरा
कागदपत्रांचं कोणीच लिहिलं नाही. तुमच्या दुचाकीच्या लायसन्सवर कार चालवता येत नाही. सारथी पोर्टलवर कारसाठी वेगळं लर्निंग काढावं लागतं. वय ४० च्या पुढे असल्यानं डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए लागेल. लर्निंग ६ महिने चालतं आणि किमान ३० दिवस झाल्यावर पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर शेजारी लायसन्सवाला माणूस आणि गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ हवाच. पास झालात की आहे त्याच लायसन्सवर कार चढते.

मानकापूरवाला
लर्निंग वगैरे कोणी विचारत नाही. आमच्याकडे सगळे असेच शिकले.

फॉर्म_भरा
अपघात झाला की सगळेच विचारतात, आणि विमा कंपनी सर्वांत आधी. त्यांच्या गाडीत म्हातारं माणूस बसणार आहे. कृपा करून असा सल्ला देऊ नका.

गिअरबॉक्स_प्रेमी
३ लाखांत जुनी ऑटोमॅटिक मिळू शकते. सेलेरिओत एएमटी २०१४ ला आली, त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्या बघा. पण समजून घ्या, एएमटी म्हणजे आतला गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मशीन करतं. ते मशीन बिघडलं तर खर्च मोठा, म्हणून ओळखीच्या मिस्त्रीला नेल्याशिवाय इसार देऊ नका. ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना झटका देते का आणि चढावर मागे येते का, हे स्वतः बसून पाहा. आरसी नावावर झाल्याशिवाय विषय संपला असं समजू नका, आणि विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्या.

सदर_एमएच३१
घ्याल ती एमएच ३१ चीच घ्या. विकताना भाव येतो.

हौ_भाऊ
एमएच ४९ पण नागपूरच आहे भाऊ. नंबर पाहून गाडी पळत नाही.

सदर_एमएच३१
तुम्हाला माहीत नसेल, गिऱ्हाईक पहिले नंबरच पाहते. मी दोन गाड्या विकल्या आहेत.

खामल्याच्या_काकू
अजून एक सांगते. आता मे लागेल. उन्हात क्लास लावू नकोस, थेट दिवाळीनंतर लाव.

धंतोलीतली
काकूंशी सहमत. ४५ डिग्रीत शिकायचं नाही. तब्येत बिघडेल.

मानकापूरवाला
दिवाळीनंतर, आणि ऑटोमॅटिक.

रिंगरोडवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल घरी बसून बोललो. धंतोलीतली ताईंचं पार्किंगचं म्हणणं सासूबाईंना एकदम पटलं, त्या म्हणाल्या, मला गेटवर एकटीला सोडू नकोस. त्यामुळे दवाखान्यासाठी आमच्या गल्लीतल्या ऑटोवाल्या काकांशी बोलून ठेवलं आहे. जायचा, थांबायचा आणि परतीचा, असा एकच दर ठरला. कार आत्ता घेत नाही. पण शिकणार मात्र मेमध्येच, आणि गिअरवालीच. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला इकडचे रस्ते अगदी रिकामे असतात, मला पहिले दिवस तसेच रस्ते हवे आहेत. काकू, तुमचं ऐकत नाही म्हणून रागावू नका, डोक्याला दुपट्टा आणि सोबत ताक घेऊन जाईन. गिअरवाली अशासाठी की उमरेडला बाबांची जुनी व्हॅगनआर उभी आहे. त्यांना आता चालवणं होत नाही आणि विकायचीही नाही. रात्री-बेरात्री त्यांना नागपूरला आणायची वेळ आली तर ती गाडी मला चालवता आली पाहिजे. लर्निंगचा अर्ज भरला, फॉर्म १-ए वर उद्या सही घेते. आता एवढंच विचारते, म्हाळगी नगर-मानेवाडा भागात बाई ट्रेनर असलेला क्लास कोणाला माहीत आहे का?

खामल्याच्या_काकू
रागावत नाही ग. माझी भाची तिकडेच एका बाईंकडे शिकली, तिला विचारून उद्या कळवते. पाय वर घ्या, हे मात्र त्यांनाही सांग.

मनीषनगरकर
व्हॅगनआर कोणत्या सालची आहे? एक्स्चेंजला चांगला भाव मिळेल, माझ्या शोरूमवाल्याशी बोलू का?