मदत हवी आहे: जवानाविरुद्धची तक्रार पोलिसांत की युनिटकडे?

नमस्कार. आम्ही सातारा तालुक्यातले. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, म्हणून इथं विचारतोय.

मावसबहिणीचं लग्न एका जवानाशी ठरलं होतं, ते मोडलं. नंतर त्यानं तिचे खासगी फोटो गावातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. फोटो तिनंच पाठवले होते, पण फक्त त्याला. घरचे म्हणतात, "पोरीचीच बदनामी होईल, गप बसा." मला हे अजिबात पटत नाही. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवलेत.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये स्पष्ट आहे: फोटो काढायला संमती असली, तरी पसरवायला नसेल तर पसरवणं गुन्हाच. अमेरिकेत २०१७ मध्ये मरीन सैनिकांच्या फेसबुक ग्रुपवर महिला सैनिकांचे असे फोटो सापडले, तेव्हा लष्करी कायद्यात ११७-अ हे स्वतंत्र कलमच आलं. आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये तसं वेगळं कलम नाही. पण कलम ६९ खाली अशा नागरी, म्हणजे देशाच्या साध्या कायद्यातल्या गुन्ह्यासाठीही कोर्ट मार्शल (लष्करी न्यायालयात खटला) होऊ शकतं.

त्याचं पोस्टिंग राज्याबाहेर आहे. एफआयआर झाल्यावर पोलीस युनिटला कळवतात का, की कमांडिंग ऑफिसरला पत्र आपणच लिहायचं? पत्रासोबत फोटो जोडावेच लागतात का? ते आणखी कुणाच्या हाती जाऊ नयेत, एवढंच ती सारखं म्हणतेय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची यात मदत होते का? कुणी माजी सैनिक किंवा वकील असतील तर कृपया लवकर सांगा, तो पुढच्या सुट्टीला गावात येणार आहे.